भावांचं भांडण आणि शेजाऱ्याची भीती : नागपूरकर जानोजी भोसल्यांची गोष्ट

नागपूरच्या भोसल्यांचं नाव आपल्या भागाला नवं नाही. सौंसर, पांढुर्णा, देवगड आणि सीमेपलीकडचे नरखेड, काटोल, सावनेर, ही सगळी गावं एके काळी एकाच दरबाराला सारा भरत होती. आज मधून दोन राज्यांची सीमा जाते. पाटी हिंदीत लागते, दाखला हिंदीत मिळतो. पण सोयरीक जुळवायची असो, संत्रा विकायचा असो की मोठ्या दवाखान्यात न्यायचं असो, गाडीचं तोंड अजूनही नागपूरकडेच वळतं.

या भोसल्यांपैकी थोरले रघुजी सगळ्यांना माहीत. बंगालपर्यंत घोडी नेणारा माणूस, त्यांच्या नावाचे किस्से अजून सांगतात. त्यांच्यानंतर गादीवर आलेले त्यांचे चिरंजीव जानोजी यांच्या वाट्याला मात्र तेवढं कौतुक आलं नाही. शाळेच्या पुस्तकात ते आले तर एखाद्या ओळीत येतात, आणि ती ओळही बहुतेक वेळा एकच असते : हा बाजू बदलणारा सरदार. १७६३ साली निजामाबरोबर जाऊन यांनी पुणं लुटलं आणि तीन महिन्यांच्या आत निजामाला सोडून पुन्हा पुण्याच्या बाजूला आले.

हा शिक्का खोटा नाही. जे झालं ते झालं. पण माणूस सतरा वर्षं राज्य चालवतो आणि सारखी कूस बदलतो, तेव्हा त्याला नेमकं काय टोचत होतं, हे विचारायला हवं. आणि गंमत अशी, की या प्रश्नाचं उत्तर शोधायला लागलं तर वाट पुण्याला जात नाही. ती आपल्या देवगडच्या डोंगरावर येते.

देवगडचा धडा

मोहखेडच्या बाजूला जंगलात उभा असलेला देवगडचा किल्ला आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. गोंड राजांची ही राजधानी. इथल्याच बख्त बुलंद शहाने नागपूर वसवलं आणि त्याच्यानंतरच्या चांद सुलतानाने आपला दरबार तिकडे नेला. सौंसरचा सपाट मुलूख, सातपुड्याचे घाट आणि खाली नागपूरचा प्रदेश, असं हे राज्य होतं. मराठ्यांनी ते लढाई करून एका दिवसात घेतलं, असा समज असेल तर तो बरोबर नाही. राज्य गेलं ते घरच्या भांडणातून.

चांद सुलतान वारला आणि वली शहाने गादी बळकावली. विधवा राणी रतनकुंवर हिने आपल्या मुलांचा हक्क राखण्यासाठी वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना बोलावलं. रघुजी आले, वली शहाला हटवलं, मुलांना गादी मिळवून दिली आणि मदतीचा मोबदला म्हणून मुलखाचा वाटा घेऊन परत गेले. पुढे काही वर्षांतच बुऱ्हाण शहा आणि अकबर शहा या दोन भावांचं फाटलं. पुन्हा बोलावणं आलं. या वेळी रघुजी परत गेलेच नाहीत. अकबर शहाला बाहेर जावं लागलं. बुऱ्हाण शहा राजा राहिला, पण नावाचा. त्याला नेमणूक बांधून दिली, मान राखला आणि कारभार भोसल्यांच्या हातात गेला. नागपूर भोसल्यांची राजधानी झालं ते असं.

जानोजी हे सगळं पाहत वाढले. घरात भाऊ भांडले की बलवान शेजारी न्याय करायला येतो आणि न्याय करता करता घराचा मालक होतो, हे त्यांना कुणी पोथीतून शिकवायची गरज नव्हती. त्यांच्या वडिलांनीच ते करून दाखवलं होतं.

पुणं आणि नागपूर : एकाच गादीचे दोन चाकर

आता दुसरी बाजू. पुण्याचे पेशवे आणि नागपूरचे भोसले हे दोघंही साताऱ्याच्या छत्रपतींचे चाकर. एक प्रधान, एक सेनासाहेब सुभा. कागदावर राज्य एकच. पण रघुजी आणि नानासाहेब पेशवे यांचं कधी पटलं नाही. रघुजींचे सरदार भास्करराम कोल्हटकर बंगालमध्ये चौथ वसूल करत होते, तेव्हा १७४३ साली तिथल्या नबाबाच्या बाजूने स्वतः पेशवे फौज घेऊन गेले आणि नागपूरच्या फौजेला मागे रेटलं. मराठ्यांनीच मराठ्यांना हाकललं. अखेर शाहू महाराजांनी दोघांना समोरासमोर बसवून मुलूख वाटून दिला. बंगाल, बिहार, ओडिशाकडची बाजू भोसल्यांना, बाकी उत्तर पेशव्यांना.

वाटणी झाली, पण मन साफ झालं नाही. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतात. दोन्हीकडे नातेवाईक असतात, तरी दगड सुटतोच. पुणं आणि नागपूर यांचं थोडंफार तसंच होतं. भाषा एक, देव एक, धनी एक. पण नदीतला झेंडा कुणाचा, हा प्रश्न दरवर्षी नवा.

जानोजी तरुणपणीच बंगाल आणि ओडिशाच्या मोहिमांवर गेले. फौज कशी चालवायची, नबाबाशी घासाघीस कशी करायची, हे त्यांनी तिकडेच पाहिलं. १७५१ साली नबाब अलिवर्दीखानाशी तह झाला. ओडिशाचा वसूल भोसल्यांकडे आला आणि बंगालची चौथ म्हणून दरसाल १२ लाख रुपये ठरले. नागपूरच्या खजिन्याला तो मोठा आधार होता.

चार भाऊ, एक गादी

१७५५ च्या फेब्रुवारीत रघुजी गेले. मागे चार मुलगे : जानोजी, मुधोजी, बिंबाजी आणि साबाजी. जानोजी वयाने थोरले, पण धाकट्या राणीचे. मुधोजी वयाने लहान, पण थोरल्या राणीचे. वडिलांनी जानोजींना पुढे केलं होतं, तरी मुधोजींनी हक्क सोडला नाही. शेतीच्या वाटणीवरून तहसिलीत जाणाऱ्या कुठल्याही घरात आजही ऐकू येईल असा हा वाद : वयाने मोठा तो मोठा, की मोठीच्या पोटचा तो मोठा?

आणि न्याय मागायला दोघं गेले कुणाकडे? पुण्याला, पेशव्यांकडे. इथेच जानोजींच्या आयुष्याची गाठ बसली. पेशव्यांनी निवाडा दिला तो असा : सेनासाहेब सुभा ही पदवी जानोजींना, सेनाधुरंधर ही पदवी मुधोजींना. मुधोजींकडे चांदा, बिंबाजींकडे छत्तीसगडातलं रतनपूर, साबाजींकडे वऱ्हाडातलं दारव्हा. पुण्याने मोठा नजराणाही घेतला, आणि जानोजींना पदवीची वस्त्रं रीतसर मिळायला पुढे बराच काळ जावा लागला.

वरवर पाहता निवाडा बरा होता, सगळ्यांना काहीतरी मिळालं. पण राज्याच्या सुरक्षेच्या नजरेने बघा. नागपूरची ताकद चार ठिकाणी वाटली गेली, आणि मुधोजींची तक्रार जिवंत राहिली. यानंतर पुण्याला नागपूरवर दाब आणायचा झाला तर फौज पाठवायचीही गरज नव्हती. मुधोजींना एक पत्र लिहिलं तरी पुरत होतं. दोघा भावांच्या फौजा पुढे वऱ्हाडात एकमेकींवर चालूनही गेल्या. देवगडच्या दोन भावांच्या भांडणात जी जागा रघुजींची होती, ती आता पेशव्यांची झाली. जानोजींच्या पुढच्या सगळ्या धोरणाचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

मधोमध सापडलेलं राज्य

नागपूरचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला पुणं. दक्षिणेला निजाम. तोही दूर नाही, वऱ्हाडात तर निजाम आणि भोसले यांचा दुहेरी अंमल होता. एकाच गावातून दोघांचे माणसं वसूल नेत. निजामाचा सुभेदार एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात बसे. पांढुर्ण्याहून वरुड, मोर्शी ओलांडलं की पुढे त्याचंच ठाणं. पूर्वेला ओडिशाच्या टोकाला इंग्रज. प्लासीनंतर बंगालमध्ये त्यांचा जोर वाढत होता.

अशा राज्याला एकट्याने सगळ्यांशी लढता येत नाही. कुणाशी तरी जुळवून घ्यावं लागतं. ज्याच्याशी जुळवावं तो उद्या गिळणार नाही ना, हेही बघावं लागतं. या कामात जानोजींचा उजवा हात होते त्यांचे दिवाण देवाजीपंत चोरघडे. हे आपल्या शेजारचे, नरखेडचे. पांढुर्ण्याहून रेल्वेने नागपूरकडे निघालं की जे नरखेड लागतं, तेच. मराठेशाहीतले साडेतीन शहाणे म्हणून जे गणले जातात, त्यात पुण्याचे सखारामबापू बोकील, निजामाचे विठ्ठल सुंदर आणि नागपूरचे देवाजीपंत हे तीन पूर्ण शहाणे, आणि नाना फडणीस अर्धे. नाना मुत्सद्दी होते पण तलवारीचे नव्हते, म्हणून अर्धे, असं सांगतात. त्या काळच्या दक्षिणेच्या राजकारणात एक पूर्ण शहाणा आपल्या परिसरातला होता, ही गोष्ट आपल्याकडच्या पोरांना कुणी सांगत नाही.

१७६३ : तीन महिन्यांत दोन बाजू

१७६१ साली पानिपत झालं. नागपूरकर त्या रणात नव्हते. त्याच वर्षी नानासाहेब वारले आणि सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. काका राघोबादादांशी त्यांचं लगेच बिनसलं. पुण्याचं घर फुटलं, हे सगळ्यांनी पाहिलं. आजवर पुणं नागपूरच्या फुटीवर बोट ठेवत होतं, आता पुण्याचीच फूट उघडी पडली.

निजाम अली आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर यांनी ही वेळ साधली. पेशव्यांना बाजूला सारून साताऱ्याच्या राज्याचा कारभार भोसल्यांच्या हाती देऊ, असं आमिष जानोजींना दाखवलं. भोसले हे छत्रपतींच्याच आडनावाचे, त्यामुळे ते पटण्यासारखंही होतं. जानोजी निजामाला मिळाले. १७६३ च्या उन्हाळ्यात निजामाची फौज पुण्यात शिरली. लोक सामान घेऊन गडांकडे पळाले. ज्यांनी खंडणी भरली त्यांची घरं वाचली, बाकीची लुटली, जाळली गेली. या पापात जानोजींचा वाटा होता. तो कितीही समजून घेतला तरी पुसता येत नाही.

इकडे पेशव्यांच्या फौजेनेही निजामाचा आणि भोसल्यांचा मुलूख जाळत नेला. त्यात वऱ्हाड भाजून निघालं. दोन्हीकडे जळालं ते रयतेचंच.

मग देवाजीपंत मध्ये पडले. पुण्याने जानोजींना ३२ लाखांचा मुलूख कबूल केला. त्या वर्षी १० ऑगस्टला गोदावरीकाठी राक्षसभुवनला लढाई झाली. नदी भरली होती. निजाम पलीकडे उतरला होता आणि विठ्ठल सुंदर अर्धी फौज घेऊन अलीकडे अडकला होता. जानोजी फौजेच्या थकलेल्या पगाराचं निमित्त करून त्याआधीच बाजूला झाले होते. विठ्ठल सुंदर मारला गेला. अठरा वर्षांचे माधवराव जिंकले.

हिशेबाने पाहिलं तर जानोजींनी बाजी मारली. पुणं निजामाच्या हाती पूर्ण बुडू दिलं नाही, निजामालाही पुण्याच्या जागी बसू दिलं नाही आणि वर ३२ लाखांचा मुलूख घेतला. दोन बलाढ्य शेजाऱ्यांपैकी एकालाही फार मोठं होऊ द्यायचं नाही, हे लहान राज्याचं जुनं शहाणपण आहे. जगभर अशी राज्यं असंच वागत आली. पण या शहाणपणाची एक किंमत असते. त्या दिवसापासून निजामही जानोजींवर विश्वास ठेवीना आणि माधवरावही.

पुण्याची भीतीही खरी होती

इथे थांबून माधवरावांच्या जागी उभं राहायला पाहिजे. त्यांना दक्षिणेत हैदर होता, पूर्वेला निजाम, घरात राघोबादादा. अशा वेळी ज्याने एकदा राजधानी जाळायला हातभार लावला, त्याच्याकडे ३२ लाखांचा जादा मुलूख आणि त्यावर पोसलेली फौज ठेवायची कशी? जानोजी जी फौज स्वतःच्या बचावासाठी ठेवत होते, ती पुण्याला चढाईची तयारी दिसत होती. पुणं जे बंदोबस्त करत होतं, ते नागपूरला गळफासासारखं वाटत होतं. दोघंही भीत होते, आणि एकाने भीतीपोटी केलेल्या कामाने दुसऱ्याची भीती वाढत होती. आजच्या दोन शेजारी देशांच्या बातम्या वाचताना हेच चक्र दिसतं. तेव्हा तोफा बैलगाडीवर जात, एवढाच फरक.

माधवरावांनी जानोजींचीच खेळी त्यांच्यावर उलटवली. त्यांनी निजामाशी संगनमत केलं आणि दोघं मिळून वऱ्हाडावर आले. १७६६ च्या सुरुवातीला जानोजींना तह करावा लागला. मिळालेल्या ३२ लाखांपैकी २४ लाखांचा मुलूख परत गेला आणि त्यातला मोठा भाग पेशव्यांनी निजामाला दिला. म्हणजे नागपूरची वाढलेली ताकद कापली आणि त्याच तुकड्यावर नागपूरचा दुसरा शेजारी बांधून घेतला.

याच सुमारास पूर्वेकडून तिसरा खेळाडू जवळ येत होता. १७६५ साली इंग्रजांना बंगालची दिवाणी मिळाली. बंगालची १२ लाखांची चौथ थकली होती, ती जानोजी आता इंग्रजांकडे मागू लागले. इंग्रजांना चौथ द्यायची नव्हती, पण कटक हवं होतं. कारण कलकत्ता आणि मद्रास यांच्या मधला किनाऱ्याचा पट्टा भोसल्यांकडे होता. क्लाइव्हच्या वेळी बोलणी झाली. जानोजींनी कटक सोडलं नाही. पण नागपूरचे वकील इंग्रजांशी बोलतात ही बातमी पुण्यात पोचत होती. मुंबईच्या इंग्रजांचा वकील मॉस्टिन १७६७ च्या अखेरीस पुण्यात येऊन घरातल्या भांडणाचा अंदाज घेत होता. राघोबा, जानोजी आणि इंग्रज एकत्र आले तर काय, हा प्रश्न माधवरावांना झोपू देत नसणार.

नागपूर जळालं

१७६८ च्या जूनमध्ये राघोबादादांनी बंड केलं. धोडपला माधवरावांनी त्यांना पकडून पुण्याला नेऊन ठेवलं. जानोजींचा कल राघोबांकडे होता. मदत पोचण्याआधीच खेळ संपला, पण माधवरावांनी ते विसरायचं नाही ठरवलं. पावसाळा सरताच मोठी फौज नागपूरकडे निघाली. निजामाची फौजही सोबत आली.

जानोजींनी समोर उभं राहून लढाई दिली नाही. कुटुंबं मेळघाटातल्या गाविलगडावर पाठवली आणि स्वतः हलक्या घोडदळासह हिंडत राहिले. पेशव्यांच्या माणसांनी नागपूर लुटलं, जाळलं. सहा वर्षांपूर्वी पुण्यात जे झालं, त्याची ही परतफेड होती. मग पेशव्यांनी चांद्याला वेढा घातला. तेवढ्यात जानोजी उलट दिशेने पुण्याकडे सुटले. पुण्यात पुन्हा पळापळ झाली. माधवरावांना वेढा उठवून त्यांच्यामागे धावावं लागलं. गोपाळराव पटवर्धन आणि रामचंद्र गणेश यांच्या फौजा पाठलागावर होत्या. दोन्ही बाजू थकल्या.

कनकापूरचा तह

२३ मार्च १७६९ ला कनकापूरला तह झाला. जानोजींच्या आयुष्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा कागद. यातली कलमं वाचली की दोन राज्यांच्या मनातल्या भीती एकेक करून समोर येतात.

नागपूरने काय मान्य केलं? उरलेला ८ लाखांचा मुलूखही परत द्यायचा. औरंगाबादच्या बाजूला घासदाणा वसूल करायचा नाही. दरसाल ५ लाख रुपये भरायचे. पेशव्यांच्या परवानगीशिवाय फौज वाढवायची नाही, बोलावतील तेव्हा चाकरीला हजर व्हायचं. पेशव्यांच्या बंडखोरांना आसरा द्यायचा नाही. आणि सगळ्यात जड अट : दिल्लीचा बादशहा, निजाम, इंग्रज, रोहिले, अयोध्येचा नबाब, यांच्याशी राजकारणाचा पत्रव्यवहार करायचा नाही.

म्हणजे किती शिपाई ठेवायचे आणि कुणाशी बोलायचं, हे नागपूरने स्वतः ठरवायचं नाही. राज्याकडे मुलूख राहिला, पण मित्र निवडायचा हक्क गेला.

बदल्यात जानोजींनी काय मागितलं ते त्याहून बोलकं आहे. पेशव्यांच्या फौजा उत्तरेत जाताना नेहमीची वाट सोडून भोसल्यांच्या मुलखातून जाणार नाहीत, रयतेला उपद्रव देणार नाहीत. ओडिशात इंग्रजांनी त्रास दिला तर तिकडे फौज पाठवायची मोकळीक राहील. आणि जानोजी नीट कारभार करतात, भावांचे हक्क पाळतात, तोवर त्यांच्या नातलगांच्या तक्रारी पुण्यात ऐकल्या जाणार नाहीत.

हे शेवटचं कलम पुन्हा वाचा. पैसा गेला, मुलूख गेला, फौजेवर बंधन आलं. तरी या माणसाने तहाच्या कागदावर काय लिहून घेतलं? आमच्या घरच्या भांडणात तुम्ही पडायचं नाही. चौदा वर्षांपूर्वी निवाडा मागायला पुण्याला गेलेल्या मुलाने अखेर ते दार लावून घेतलं. देवगडच्या राजाला जे जमलं नव्हतं, ते जानोजींनी केलं. निदान कागदावर तरी.

शेवटची तीन वर्षं

यानंतर जानोजींनी पुण्याशी भांडण काढलं नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. गादी कुणाला, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्यांनी मुधोजींच्या मुलाला, रघुजीला, वारस करायचं ठरवलं. ज्या भावाशी आयुष्यभर वाद, त्याच्याच मुलाला गादी दिली तर वाद मिटेल, असा विचार त्यामागे असावा. त्याला पेशव्यांची मान्यता घ्यायला ते माधवरावांना भेटायला गेले. माधवराव तेव्हा क्षयाने खंगले होते. एकमेकांची राजधानी जाळलेले हे दोघं अखेरीस घरच्या वारसाबद्दल बोलायला बसले. परतीच्या वाटेवर १७७२ च्या मे महिन्यात, तुळजापूरच्या बाजूला, जानोजींना मृत्यूने गाठलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात थेऊरला माधवरावही गेले. वय फक्त सत्तावीस.

जानोजींनी लावलेलं दार फार दिवस बंद राहिलं नाही. त्यांची विधवा दर्याबाई साबाजींच्या बाजूने उभी राहिली. मुधोजी आपल्या मुलासाठी उभे राहिले. दोन्ही पक्ष पुन्हा पुण्याच्या आणि निजामाच्या आधाराला गेले. २६ जानेवारी १७७५ ला नागपूरजवळ पाचगावला दोघा भावांची लढाई झाली आणि साबाजी मारले गेले.

मग आलं कोण?

याच रघुजींच्या, म्हणजे दुसऱ्या रघुजींच्या हातून १८०३ साली आसई, आडगाव आणि गाविलगड गेले. देवगावच्या तहात कटक गेलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाडही गेलं. १८१६ साली आप्पासाहेब भोसल्यांनी इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली, आणि तीही घरातल्या विरोधकांच्या भीतीने. त्या तहातही इतर सत्तांशी परस्पर बोलणी करायची नाहीत, ही अट होती. कनकापूरला पेशव्यांनी जे मागितलं, तेच आता इंग्रजांनी मागितलं. फरक एवढाच की पेशव्यांशी घासाघीस करता येत होती. पुढच्याच वर्षी सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब कैदेतून निसटून आपल्याच बाजूच्या महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आसऱ्याला आले. १८५४ साली नागपूरचं राज्यच खालसा झालं.

म्हणून जानोजींचा न्याय करताना जरा सांभाळून करावा. ते हावरे होते का? थोडे होते. ३२ लाखांचा मोह झाला. पुण्याची लूट त्यांच्या माथ्यावर राहील. पण त्यांना नुसतं दगाबाज म्हणणं म्हणजे भिंत पडली म्हणून फक्त शेवटच्या विटेला दोष देणं. त्यांची प्रत्येक चाल एका भीतीतून निघाली होती, आणि ती भीती काल्पनिक नव्हती. चूक झाली ती दुसरीकडे. पुणं आणि नागपूर, दोघांनीही एकमेकांपासून वाचण्यातच ताकद खर्च केली. एकमेकांवर पहारा ठेवता ठेवता कटकच्या वाटेवर पहारा कुणी ठेवायचा, हे ठरलंच नाही.

आपल्या भागाचं पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यांची नवी रचना झाली. नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ पासून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा आहे आणि सौंसर त्यात आहे. जानोजींच्या दिवाणाचं नरखेड एका राज्यात, त्यांच्या वडिलांनी घेतलेलं देवगड दुसऱ्या राज्यात. मधून आता फौजा जात नाहीत, संत्र्याच्या गाड्या जातात. तरी घरात वाटणीचा वाद निघाला आणि कुणी बाहेरच्या मोठ्या माणसाला मध्ये घ्यायची भाषा केली, तर देवगडच्या दोन भावांची आणि जानोजींच्या त्या एका कलमाची आठवण काढायला हरकत नाही.